जुन्या फायबरच्या होडीला आतून नवा रंग देण्याआधी काय तयारी करावी?

केबिनमधला जुना रंग पोपडे धरून सुटतोय, तर पॉलिशपेपर मारून त्यावरच नवा रंग दिला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. तसं करू नका. मी मालवण भागात फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करतो. आतून रंग सुटलेल्या होड्यांत बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: आधी घासलंय, मग धुतलंय. क्रम नेमका उलटा हवा.

होडीची बाहेरची बाजू साच्याला लागून तयार होते, म्हणून गुळगुळीत असते. आतली बाजू हवेला उघडी असते, आणि पॉलिएस्टर रेझिन (काचेच्या धाग्यांना धरून ठेवणारं रसायन) हवेत नीट सुकत नाही, चिकट राहतं. म्हणून शेवटच्या हातात मेण मिसळतात. ते वर येऊन थर धरतं. त्यावर पुढे डिझेल, माशांचं तेल, मीठ बसत जातं. हे तसंच ठेवून पेपर चालवलात की मेण प्रत्येक चरेत दाबलं जातं आणि मग काही केल्या निघत नाही.

तर आधी होडी पूर्ण रिकामी करा. फळ्या, गाद्या, बॅटरी आणि पेट्रोलची टाकी तर नक्कीच बाहेर. साबण आणि भरपूर गोडं पाणी घेऊन ब्रशने धुवा. मीठ राहिलं तर ते ओल ओढतं आणि रंगाखाली फोड येतात. बुरशीला पातळ ब्लीच लावा, पण त्यात व्हिनेगर, अ‍ॅसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

वाळल्यावर मेण काढा. अ‍ॅसिटोन पटकन उडतो आणि मेण तिथेच पसरून राहतं. गाड्यांच्या रंगाच्या दुकानात वॅक्स रिमूव्हर मिळतो, तो आणा. एका चिंधीने लावायचा आणि ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या चिंधीने टिपायचा. चिंध्या सतत बदला. मग पाणी शिंपडून बघा. पाणी सलग पसरलं तर जमलं. थेंब गोळा होऊन सरकले तर तेवढा भाग पुन्हा पुसा. ही परीक्षा माझ्या मते सगळ्या कामातली सर्वांत महत्त्वाची आहे.

आता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर मॅट (काचेच्या धाग्यांचा थर) सुटलीय किंवा आतलं प्लायवूड कुजलंय, आणि त्यावर कितीही चांगला रंग दिलात तरी फुकट. तो भाग आधी कापून दुरुस्त करा. चीर असेल तर ती खोबणीसारखी उघडून इपॉक्सी पुट्टी भरा. सुकल्यावर वर तेलकट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय घासू नका.

जुना रंग टिकलाय तिथे थिनरची चिंधी दहा मिनिटं ठेवा. मऊ पडला किंवा सुरकुतला तर त्यावर हार्डनरवाला (दोन भाग मिसळून लावायचा) रंग बसणार नाही, खालचा उचलला जाईल. तो खरवडून काढा. रंग काढायचं केमिकल मात्र फायबरला लावू नका, रेझिनही मऊ पडतं.

यानंतरच पेपर: 80 नंबरने सुरुवात, मग 120, प्रायमरआधी 180. फायबरची धूळ फुफ्फुसाला वाईट, साध्या रुमालाने भागत नाही. धुळीला आणि वाफांना, दोन्हींना चालणारे फिल्टर असलेला मास्क घ्या. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचते. बाहेर ठेवलेल्या पंख्याने हवा आत सोडा आणि आत ठिणगी पडेल असं काही चालवू नका.

मासेमारी बंदीत, 1 जून ते 31 जुलै, होडी किनाऱ्यावर असते म्हणून अनेकजण तेव्हाच रंगकाम काढतात. धुणं आणि खरवडणं तेव्हा करा, रंग मात्र पाऊस गेल्यावर. आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली आणि पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं) निदान 3 अंश गरम हवा. प्रायमरच्या आधी धूळ ओढून घ्या, सॉल्व्हंटने शेवटचं पुसा, नंतर उघडा हात लावू नका, आणि प्रायमर त्याच दिवशी द्या.