शाळेतल्या मुलांना बल पहिल्यांदा कसं शिकवावं?

सहावी-सातवीच्या मुलांना बल शिकवायचंय, सुरुवात कुठून करू असं विचारलंय तुम्ही. व्याख्येपासून तर नकोच. "ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल" एवढं पुरे, आणि लगेच हातात स्प्रिंगचा काटा द्या. 100 ग्रॅमचं वजन अडकवलं की तो साधारण 1 न्यूटन (न्यूटन म्हणजे बल मोजायचं एकक) दाखवतो, मग न्यूटन केवढा ते मुलांना मनगटातच कळतं.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेक मुलांना मनापासून वाटतं की वस्तू चालत राहायला सतत बल लागतं, आणि नुसतं "चूक" म्हणून ते जात नाही. जाड पुस्तकाला दोरी बांधा, काट्याने हळूहळू एकसारख्या वेगाने ओढायला लावा, आधी सतरंजीवर, मग गुळगुळीत फरशीवर, मग खाली गोल पेन्सिली ठेवून, आणि दर वेळी आकडा वहीत लिहायचा पण त्याआधी अंदाज सांगायचा. आकडा उतरत जातो आणि कोणीतरी विचारतंच, घर्षण नसेलच तर काटा शून्य दाखवेल का, आणि तरी पुस्तक चालेल? प्लीज उत्तर आधी सांगून टाकू नका, थांबा. न्यूटनने 1687 मध्ये मांडलेला पहिला नियम नेमका तिथे आहे: बाहेरून बल लागलं नाही तर चालती वस्तू त्याच वेगाने सरळ चालत राहते!

न्यूटनच्या तिसऱ्या नियमाला, म्हणजे एकाने दुसऱ्याला जेवढं ओढलं तेवढंच दुसराही पहिल्याला उलट ओढतो यासाठी, दोन सारखे काटे एकमेकांत अडकवून दोघांना ओढायला लावा. कोणीही जोर केला तरी दोन्हीकडे आकडा सारखाच. वस्तुमान आणि वजनातला फरक मात्र पहिल्याच तासाला काढू नका, गोंधळ होतो.