बाबा, दादा आणि सरप्राइज ट्रिप

प्रश्न : माझे बाबा ७६ वर्षांचे आहेत, एसटीत ड्रायव्हर होते. गावच्या घरावरून त्यांचं आणि दादाचं वाजलं, दादा म्हणत होता घर पाडून टुरिस्टांसाठी खोल्या बांधू, बाबा म्हणाले मी मेल्यावर काय ते कर, तेव्हापासून बोलणं बंद. दादा पुण्याला असतो, आता गणपतीलापण येत नाही. दिवाळीनंतर चिपळूणहून गुहागर-गणपतीपुळे अशी फॅमिली ट्रिप काढायचं चाललंय. दोघांना एकमेकांचं न सांगता सरप्राइज द्यावं का? समोर आले की बोलतील असं वाटतं.
– एक बहीण, चिपळूण

उत्तर : ताई, सरप्राइज अजिबात नको. सिरियलमध्ये ठीक आहे हो, पण गाडीचं दार उघडल्यावर आत कोण बसलंय ते कळलं तर बाबा एकतर तसेच घरात परत जातील नाहीतर सगळी ट्रिप खिडकीबाहेर बघत काढतील, आणि दोन्ही वेळा राग निघणार तुमच्यावर. दोघांनाही आधी सांगा.

दुसरं म्हणजे त्यांना समोरासमोर बसवून 'बोला आता' करायला जाऊ नका, अशी माणसं समोर बसली की भांडतात, शेजारी बसली की बोलतात. म्हणून गाडी दादालाच चालवू दे आणि पुढच्या सीटवर बाबा. उभा जन्म स्टिअरिंगवर गेलेला माणूस आहे, तो 'चढ आहे, गियर टाक', 'हॉर्न दे, वळणावर एसटी असणार' हे बोलल्याशिवाय राहायचा नाही, आणि ते बोलणंच आहे की! दादाला मात्र आधी बजावून ठेवा की मॅप बंद ठेव, रस्ता बाबांना विचार, आणि ते ओरडले तर 'हो बाबा' म्हण.

गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला उतरा आणि तिथून फेरीबोटीने गाडीसकट जयगडला जा. शास्त्री नदीच्या खाडीला लांबचा वळसा पडतो तो वाचतो, पण मी सुचवतेय ते त्यासाठी नाही. बोटीवर गाडी चढवताना बाकीच्यांनी खाली उतरायचं, बाबांनापण उतरवा, मग बघा ते बोटीवरच्या पोरांना बाजूला सारून स्वतःच हात दाखवायला लागतील, 'आण, आण, डावीकडे काप, बस्स' आणि बॉनेटवर थाप. दादाने त्या हाताकडे बघत गाडी लावली की माझ्या मते ट्रिपचं निम्मं काम झालं.

हेदवीला बामणघळ, म्हणजे समुद्रकाठच्या खडकातली अरुंद भेग, बघायची तर भरतीची वेळ विचारून जा, ओहोटीला घळीत पाणी उसळत नाही, नुसतेच खडक बघून याल. बाबांचे गुडघे कुरकुरत असतील तर त्या खडकांवर नेऊ नका, उमामहेश्वराच्या देवळापाशी बसू दे, सोबतीला दादा थांबेल, पोरांना तुम्ही घेऊन जा. गणपतीपुळ्याला डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटर आहे, तिथेही हट्ट नको.

खोल्या वेगळ्या घ्या. एका जेवणाचं बिल बाबांनाच देऊ दे, दादा पाकीट काढायला लागला तर टेबलाखालून पाय मारा.

घराचा विषय तुम्ही काढू नका. बाबांनी काढला, आणि ते काढतीलच, बहुतेक सोलकढी पिताना, तर दादाने ऐकून घ्यायचं आणि 'घरी जाऊन बघू' एवढंच म्हणायचं, सातबारा काय हॉटेलच्या टेबलावर सुटत नाही. काहीच नाही बोलले तरी घाबरू नका, गणपतीला दादा आला तर खूप झालं.

आज दादाला फोन करा, बाबांना उद्या सांगा. बाबा 'मी येणार नाही' म्हणतील, तर 'बरं' म्हणा आणि विषय सोडा, चार दिवसांनी तेच विचारतील गाडी किती वाजता निघणार आणि टायरमधली हवा बघितली का.