लेकीला रंगाबद्दल काय सांगायचं?

"आम्ही मूळचे नाशिकचे, आता न्यू जर्सीत. चौदा वर्षांच्या लेकीला शाळेत 'ब्राऊन' म्हणतात. गंगापूर रोडवरची आजी व्हिडिओ कॉलवर म्हणते, 'उन्हात हुंदडू नकोस, काळी पडशील.' परवा ती फोन टाकून खोलीत जाऊन बसली. कुणाला काय समजावू?"

ताई, आधी आजीचं. तिचा जीव आहे नातीवर, पण ते वाक्य थांबायला हवं आणि ते थांबवायचं काम तुमचं आहे, पोरीचं नाही. कॉलवर सगळ्यांदेखत नको. वेगळा फोन लावा: "आई, शाळेत तिला रंगावरून ऐकावं लागतं. घरातूनही तेच आलं तर तिनं जायचं कुठे?"

आता लेकीचं. नाशकात तुम्हाला कुणी 'एशियन' म्हटलं नव्हतं. आडनाव सांगितलं की समोरचा मनातल्या मनात जात लावून मोकळा. तिकडे आडनावावरून कुणाला काही कळत नाही, कातडी तेवढी दिसते. तुमच्या अंगावर ही ओळख मोठेपणी आली, लेक तिच्यातच वाढतेय. म्हणून "आपण तसले नाही, आपण शिकलेले" अशी समजूत घालू नका. 'तसले' म्हणजे आपल्याच वर्गातल्या काळ्या मैत्रिणी, हे तिला लगेच कळतं.

त्यापेक्षा तिकडच्या फॉर्मवर वंश विचारणारे जे रकाने असतात, त्यांची गोष्ट सांगा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंड यांना १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं. त्या काळच्या जनगणनेत 'हिंदू' हा चक्क वंश होता आणि थिंड यांच्यासारखे शीखही त्यातच. १९७० मध्ये भारतीयांची मोजणी गोऱ्यांत झाली, १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा वेगळा रकाना आला. ब्रिटनमध्ये 'एशियन' म्हटलं की भारतीय-पाकिस्तानी डोळ्यांसमोर येतात, अमेरिकेत बहुधा चिनी-जपानी. माणसं तीच, शिक्के बदलत गेले. हे कळलं की 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' ही बोच थोडी बोथट होते.

सुट्टीत आलात की तिला पंचवटीत काळारामाला न्या. काळ्या पाषाणाची ती मूर्ती तिला जवळून पाहू द्या. पण दर्शन झालं की लगेच निघू नका. याच मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. ते शिकले कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे तुमच्याकडून नदीपलीकडे. युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य असल्याची जाणीव मनातून पार पुसली गेली होती, असं त्यांनी लिहून ठेवलंय. परतून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना.

लेक विचारेल, "तेव्हा आपल्या घरातले कुठल्या बाजूला होते?" जे माहीत असेल ते खरं सांगा, लाज वाटली तरी. मग तिथल्या मराठी मंडळात कुणी आडनाव ऐकून बोलण्याचा सूर बदलला, तर तेही तिच्या लक्षात येईल.