दोषारोपपत्र उघडा, मंजुरीचा कागद शोधा

विट्याजवळच्या एका वाचकानं गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुसऱ्या धर्माच्या श्रद्धास्थानाची टिंगल करणारं व्यंगचित्र नीट न बघता पुढे ढकललं. गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्रही आलं. आता ‘कबूल करून दंड भरावा आणि मोकळं व्हावं का?’ असं ते विचारतात. हाच प्रश्न घेऊन हल्ली बरेच जण येतात.

कबूल करू नका. धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याच्या गुन्ह्याला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ला (जुन्या दंड संहितेच्या २९५अला), तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दंडावरच भागेल हे तुम्हाला कुणी सांगितलं?

तुमच्या पत्रात एका कागदाचा उल्लेखच नाही. फौजदारी खटले कसे चालवायचे हे ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१७प्रमाणे राज्य किंवा केंद्र सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालयाला २९९ची दखलच घेता येत नाही. ठाण्याच्या निरीक्षकाचं पत्र म्हणजे मंजुरी नव्हे. तो आदेश दोषारोपपत्रात आहे का, कुणाच्या सहीचा आहे, कोणत्या तारखेचा आहे, एवढं आधी बघा.

नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच सुटकेचा, अर्ज करा. याच संहितेचं कलम २६२ त्यासाठी दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवस देतं. तुम्ही लिहिता, नकला फेब्रुवारीत मिळाल्या आणि भीतीनं कपाटात ठेवल्या. याचा मला खरोखर राग येतो. पोरगं आजारी पडलं तर रिपोर्ट असा कपाटात ठेवाल का? आता उशिराचं कारण लिहून अर्ज द्या. न्यायालय ते मान्य करेलच, असं मी सांगणार नाही. पण मंजुरीचा मुद्दा दखलीच्या मुळावरच घाव घालतो, त्यामुळे याच संहितेच्या कलम ५२८खाली उच्च न्यायालयातही मांडता येईल. ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको. मात्र सरकार नंतर मंजुरी देऊन खटला पुन्हा उभा करू शकतं. सोबत न्याय संहितेचं कलम ३०२ (खुनाचं जुनं ३०२ नव्हे, धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं) लावलं असेल, तर त्याला ही मंजुरी लागत नाही.

गुणदोषावर तुमची बाजू बरी दिसते. सर्वोच्च न्यायालयानं १९५७मध्ये रामजी लाल मोदी खटल्यात हे कलम टिकवलं ते जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानापुरतंच. २०१७मध्ये महेंद्रसिंह धोनीवरचा खटला याच कसोटीवर रद्द झाला. न बघता पाठवणं हा बेजबाबदारपणा आहे. दुष्ट हेतू पोलिसांनी सिद्ध करायचा आहे.

तरी ज्यांचं मन दुखावलं त्यांच्याकडे जा. २००९मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरच्या एका चित्रावरून दंगल पेटली, हे आपल्या सांगली जिल्ह्याला माहीत आहे. चित्र काढायचा, टीका करायचा हक्क मला प्राणापलीकडे वाटतो, पण शेजाऱ्याच्या घरी जाऊन ‘चुकलो’ म्हटल्यानं तो कमी होत नाही. फक्त लेखी माफीनामा वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका. ‘मुद्दाम केलं’ असं एक वाक्य त्यात आलं, तर तेच तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल.

पुढच्या तारखेच्या आधी सगळ्या नकला घेऊन वकिलाकडे जा.