वाचकांचे प्रश्न : अंगठी घालून पाण्याखाली उतरावे का?

प्रश्न : मी सध्या स्कूबा डायव्हिंग शिकत आहे. माझ्या बोटात सोन्याची अंगठी आणि गळ्यात बारीक साखळी कायम असते. पहिल्याच दिवशी प्रशिक्षकांनी दोन्ही काढून ठेवायला सांगितले. चकाकणारी वस्तू दिसली की मासे चावायला येतात, असे त्यांचे म्हणणे होते. बरोबरच्या एका जुन्या डायव्हरने मात्र ही सांगोवांगीची गोष्ट असल्याचे सांगून ते हसण्यावारी नेले. ते स्वतः अंगठी घालूनच उतरतात. यातले खरे काय मानावे? आणि आपल्या दागिन्यांचा माशांना काही त्रास होतो का?

उत्तर : दागिने काढून ठेवण्याचा प्रशिक्षकांचा सल्ला योग्यच आहे, त्यांनी दिलेले कारण मात्र मोजक्या माशांच्या आणि ठरावीक परिस्थितीच्या बाबतीतच खरे ठरते.

लहान माशांच्या अंगावरची चंदेरी झळाळी त्यांच्या त्वचेतल्या आणि खवल्यांतल्या ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिशय पातळ स्फटिकांमुळे येते. हे स्फटिक आरशाप्रमाणे प्रकाश परतवतात. निरोगी मासा थव्याबरोबर सरळ पोहत असतो तोवर ही झळाळी आजूबाजूच्या पाण्यात मिसळून जाते. पण तोच मासा जखमी होऊन कुशीवर कलू लागला की त्याच्या अंगावरून प्रकाश मध्येच लकाकतो आणि विझतो. नजरेवर शिकार करणाऱ्या माशांना सहज हाती लागणारे भक्ष्य ओळखण्यासाठी एवढी खूण पुरते. गळाने मासे पकडणारे लोक धातूचे चमच्याच्या आकाराचे आमिष वापरतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे : त्याला ना वास असतो ना चव, ते केवळ डगमगत चमकते, आणि तरीही मासा त्याच्यावर झडप घालतो. उथळ पाण्यात, उन्हात, हात हलवणाऱ्या माणसाच्या बोटातली अंगठी दुरून साधारण अशीच दिसते.

या संदर्भात सर्वाधिक नाव घेतले जाते ते बाराकुडाचे. मोठ्या जातीचा बाराकुडा दीड मीटरहून अधिक लांब होऊ शकतो. तो स्थिर तरंगत राहतो आणि भक्ष्य टप्प्यात येताच थोड्या अंतरात प्रचंड वेग घेतो. डायव्हरच्या मागे मागे येण्याची त्याची सवय नवख्या माणसाला घाबरवते, पण ते बहुतेक वेळा कुतूहलच असते. बाराकुडा माणसाला चावल्याच्या घटना फार थोड्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक घटनांमध्ये भाल्याने मारलेला मासा कोणाच्या तरी हातात होता किंवा पाणी इतके गढूळ होते की माशाला हात आणि चकाकी यांपैकी दुसरेच तेवढे दिसले असावे. दागिना धोकादायक ठरतो तो अशा वेळी : पाणी गढूळ, ऊन तिरपे, आजूबाजूला लहान माशांचे थवे आणि शिकारीची वेळ.

शार्कबाबतही असाच सल्ला दिला जातो. जगभरातल्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवणारे फ्लोरिडातील नैसर्गिक इतिहास संग्रहालय चकाकणारे दागिने घालून पाण्यात उतरू नका, असे सांगते, कारण त्यांवरून परतणारा प्रकाश माशाच्या खवल्यांच्या चमकेसारखा भासतो. त्याच बरोबर हेही सांगायला हवे की चिथावणीविना होणारे शार्कचे हल्ले साऱ्या जगात मिळून वर्षाला साधारण ६० ते ७० एवढेच नोंदले जातात आणि त्यांत पाण्याखाली असलेल्या डायव्हरांचा वाटा लहान असतो. बहुतेक जण लाटांवर फळी घेऊन खेळणारे किंवा पोहणारे असतात. धातूच्या दागिन्यातून वीज निर्माण होते आणि शार्क तिच्याकडे ओढला जातो, असेही काही जण ठामपणे सांगतात. शार्कला विजेचे अतिशय क्षीण क्षेत्र जाणवते हे खरे आहे. त्याच्या तोंडाभोवतीच्या ज्या इंद्रियांमुळे हे शक्य होते त्यांचे वर्णन इटालियन वैद्य स्तेफानो लोरेन्झिनी यांनी १६७८ मध्येच केले होते. पण ही जाणीव भक्ष्य अगदी जवळ आल्यावर, हातभर अंतराच्या आत, उपयोगी पडते. अंगठीमुळे दूरवरचा शार्क शोधत येतो, ही कल्पना सोडून द्यावी.

आपल्या परिचित डायव्हरला आजवर काही झाले नाही, याचेही कारण सापडते. खोल जावे तसा सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो, त्यामुळे १५-२० मीटरवर सोने मळकट, हिरवट-तपकिरी दिसू लागते आणि मंद प्रकाशात त्याची चमकही ओसरते. (हातातल्या टॉर्चचा झोत पडला की ती परत येते, हे रात्रीच्या डायव्हिंगमध्ये लक्षात ठेवावे.) चकाकीचा खरा भाग वरच्या काही मीटरांत येतो. डायव्हच्या अखेरीस डायव्हर सुरक्षेसाठी ५ मीटरवर सुमारे ३ मिनिटे थांबतो तेव्हा वर ऊन लखलखत असते, तोल सांभाळायला हात हलत असतात आणि बोटीच्या सावलीत बाराकुडा तरंगत असण्याची शक्यताही तिथेच अधिक असते. म्हणजे संपूर्ण डायव्ह निर्धोक झाला तरी अंगठीचा प्रश्न शेवटच्या थांब्यावर उभा राहू शकतो.

माशाने टोचले की दोष दागिन्याला देण्याची एक सवयच लागली आहे. टायटन ट्रिगरफिश डायव्हरच्या अंगावर धावून जातो तो घरट्यातल्या अंड्यांसाठी. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, म्हणून वर न जाता आडवे पोहत दूर व्हावे लागते. अंगठी असो वा नसो, तो धावणारच. डॅमसेलफिश आरशातल्या प्रतिमेला प्रतिस्पर्धी समजून धडका देतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या भिंगावर किंवा मास्कच्या काचेवर तो तुटून पडला तर नवल नाही. बारीक साखळी त्याच्या खिजगणतीतही नसते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मला तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. बोटात घट्ट बसलेल्या अंगठीचा माशांना फारसा उपद्रव नाही. आपले बुडबुडे, पायांतले फिन आणि प्रवाळावर टेकलेला हात यांचा त्रास त्याहून कितीतरी अधिक असतो. उपद्रव सुरू होतो तो अंगठी हरवल्यावर. थंड पाण्यात रक्तवाहिन्या आकसतात, बोटे बारीक होतात, आणि किनाऱ्यावर फिरवूनही न निघणारी अंगठी अर्ध्या तासात अलगद निसटते. २०२१ मध्ये प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटाजवळ एका स्नॉर्केल करणाऱ्या (तोंडात श्वासनळी धरून पृष्ठभागावर पोहणाऱ्या) व्यक्तीला अंगाभोवती सोन्याची अंगठी अडकलेला बोय मासा दिसला; ती एका माणसाची तिथल्या पाण्यात हरवलेली लग्नाची अंगठी निघाली. बोय मासे तळाची वाळू तोंडात घेऊन तिच्यातले खाद्य गाळून घेतात. नाक वाळूत खुपसून पुढे सरकताना समोर पडलेले कडे मुस्कटावरून मागे सरकते आणि कल्ल्यांच्या मागे अडकते. माशाला ते मागे ढकलता येत नाही, ओढून काढायला हात नाहीत. मासा वाढतो, कडे वाढत नाही. ते मांसात रुतत जाते. त्या परिसरात बाटल्यांच्या बुचाखालची प्लास्टिकची कडी अडकलेले बोय मासेही दिसले होते. प्लास्टिक जुने होऊन तुटण्याची थोडी तरी आशा असते, सोन्याच्या बाबतीत तीही नाही.

हरवलेली अंगठी शोधताना होणारे नुकसान तर मोजलेच जात नाही. मालक दोन्ही हातांनी वाळू उपसतो, गाळ उडून शेजारच्या प्रवाळावर बसतो, आणि गोबी मासा व कोळंबी मिळून वापरत असलेले बीळ बघता बघता ढासळते.

प्रश्न : माझी अंगठी अनेक वर्षांत निघालेलीच नाही. कापून घ्यायची इच्छा नाही. सिलिकॉनची अंगठी घेण्याचा विचार केला, पण ही निघेल तेव्हा ना! काही मार्ग आहे का?

उत्तर : पातळ हातमोजा हा सर्वांत सोपा उपाय आहे, तो चकाकीही झाकतो आणि अंगठी निसटूही देत नाही. मात्र काही सागरी उद्यानांत हातमोज्यांना मनाई असते, कारण हातमोजा घातलेला माणूस बेधडक प्रवाळाला हात लावतो. तिथे बोटाभोवती पाण्यात टिकणारी चिकटपट्टी गुंडाळावी आणि वर आल्यावर ती किनाऱ्यावरच्या कचऱ्यातच टाकावी.

तरीही अंगठी सराफाकडून थोडी मोठी करून घ्यावी, असे मी सुचवेन. त्यासाठी ती एकदा कापावी लागेल, पण जोड दिसत नाही. जेलीफिश किंवा सी अर्चिन या काटेरी समुद्री जीवाचा दंश हाताला झाला तर सूज झपाट्याने चढते, आणि न निघणारी अंगठी बोटाचा रक्तपुरवठा तोडते. दंशावरच्या प्रथमोपचारात अंगठ्या ताबडतोब उतरवाव्यात असे सांगतात ते यासाठीच. हेलकावणाऱ्या बोटीच्या शिडीत अंगठी अडकून संपूर्ण शरीराचा भार तिच्यावर आला तर बोटाची कातडी सोलून निघते. माशाच्या दातांपेक्षा शिडीने अधिक बोटे जायबंदी केली असतील, असा माझा कयास आहे. सिलिकॉनची अंगठी अशा ओढीत तुटते, म्हणून बोटाच्या दृष्टीने ती बरी. पण अखंड निसटून तळाशी गेली तर माशासाठी तेही एक कडेच.

प्रश्न : कानातले खडे आणि नाकातली चमकी चालेल का?

उत्तर : घट्ट बसणाऱ्या लहान खड्यांमुळे मासे येण्याची भीती जवळपास नाही. अडचण साधनांची होते : मास्कचा पट्टा ओढताना कानातले अडकते, हूडखाली ते टोचत राहते, आणि ड्रायसूटच्या (अंग कोरडे ठेवणाऱ्या पोशाखाच्या) मानेची पातळ रबरी पट्टी त्याने फाटू शकते. चमकी असेल तर कानांतला दाब सारखा करण्यासाठी नाक चिमटीत धरणे त्रासाचे होते, शिवाय मास्कच्या कडेखाली ती आली तर पाणी झिरपते. लोंबणारे डूल मात्र कोणत्याही सबबीवर घालू नयेत.

प्रश्न : मग डायव्हिंगच्या घड्याळाचे काय? ते तर स्टीलचे आणि लखलखीतच असते.

उत्तर : घड्याळ किंवा डायव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारे मनगटी यंत्र) हे आवश्यक साधन आहे, त्यामुळे ते काढण्याचा प्रश्नच येत नाही. नवे घेणार असाल तर मंद काळ्या आवरणाचे, रबरी पट्ट्याचे निवडा. आहे तेच वापरायचे असेल तर वेटसूटची (डायव्हिंगच्या घट्ट रबरी पोशाखाची) बाही त्यावर ओढून घ्या आणि वेळ पाहण्यापुरती मागे सारा. ५ मीटरच्या थांब्यावर तर ती खालीच असू द्या, कारण तिथे बहुतेक वेळा जोडीदाराच्या घड्याळावर किंवा गाइडच्या खुणेवर काम भागते. कॉम्प्युटर स्वतःच पाहावा लागत असेल तर मनगट अंगाजवळ धरून पाहावे, हात लांब करून फिरवत पाहू नये.