पणजीच्या वाइन बारमध्ये पहिल्यांदा मासे खायला जाताय?

मेनूकार्ड उघडण्याआधी वेटरला विचारा, आज ताजं काय आलंय? १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या दिवसांत सुरमईचा हट्ट धरू नका, खाडीतलं काही आहे का ते बघा.

सगळ्या प्लेट्स एकदम मागवू नका, ही माझी कळकळीची विनंती. दोन मागवा, संपवा, मग पुढच्या. रव्यात तळलेले शिनाणे (मसल्स, एक प्रकारचे शिंपले) गप्पांत ताटकळले की रवा मऊ पडतो आणि आतला रसही सुकतो. तव्यावरून उतरल्या उतरल्या लिंबू पिळून तोंडात टाकायचे. क्रमही सांभाळा: आधी कालवं, मग ओलं खोबरं घातलेलं तिसऱ्यांचं सुकं, लाल मसाला भरलेला रेशाद बांगडा अगदी शेवटी. त्यातली लाल मिरची, लसूण आणि व्हिनेगर एकदा जिभेवर बसले की कालवांची खारट गोडी कळतच नाही.

वाइन बाटलीने नको, ग्लासने घ्या. तळलेल्या माशांबरोबर नाशिकची थंडगार सॉव्हिन्यॉं ब्लांक ही व्हाइट वाइन घ्या. तिचा आंबटपणा लिंबाचंच काम करतो. रेशादबरोबर किंचित गोडसर शेनिन ब्लांक, तीही व्हाइटच, कारण तिखटावर कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाइन आणखी झोंबते. शिराझ ही रेड वाइन मटणासाठी ठेवा. माशांबरोबर रेड वाइन बरेचदा धातूसारखी लागते.

आणि पाव सुरुवातीलाच सांगून ठेवा, प्लेटमधला मसाला पुसायला लागतोच.