फी राहू द्या, विमा किती आहे ते पाहा

सातपूरचे एक वाचक लिहितात: वय ४४, पगार महिना ४५ हजार, घरात कमावणारा मी एकटाच, गृहकर्ज १४ लाख बाकी. बारावी झालेल्या मुलीला थ्रीडी अ‍ॅनिमेशन शिकायचंय. क्लासची फी २ लाख ४० हजार, नोकरीची हमी आहे. तिच्या शिक्षणासाठी घेतलेली पॉलिसी मोडू की क्लासचे बिनव्याजी हप्ते घेऊ? पॉलिसी १५ वर्षांची, हप्ता वर्षाला ६० हजार, चार भरले, विमा रक्कम ६ लाख, शेवटी १३ लाख मिळतील. दुसरा विमा नाही.

फीसाठी दोन्ही नको. पण मला फीपेक्षा तुमच्या शेवटच्या वाक्याची काळजी वाटते. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर येणार ६ लाख आणि फेडायचे १४ लाख. मुलगी चौदाची असताना ही पॉलिसी तुमच्या गळ्यात मारली. पैसे हातात येतील तेव्हा ती २९ वर्षांची असेल. हे कसलं शिक्षण? ९ लाख भरून १३ लाख, म्हणजे जेमतेम साडेचार टक्के.

आधी ७५ लाखांचा टर्म विमा घ्या, म्हणजे फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा. त्यात कर्ज फिटतं आणि अकरा वर्षांचा पगार उरतो. तब्येत ठणठणीत आणि तंबाखू नसेल तर हप्ता वर्षाला २० हजारांच्या आसपास. तो मंजूर झाल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. सरेंडर (पॉलिसी मोडली तर) आणि पेड-अप (हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली तर), दोन्ही रकमा कंपनीकडून लेखी मागा. सरेंडरवर भरलेल्याच्या निम्मे, १ लाख २० हजार, तरी मिळावेत. त्यात फी तशीही भागत नाही. खरी बचत पुढच्या ११ हप्त्यांची आहे: ६ लाख ६० हजार.

बिनव्याजी हप्ते हे बहुतेकदा फायनान्स कंपनीने तुमच्या नावावर दिलेलं कर्ज असतं. मुलीने तिसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी ते फेडायचं तुम्हालाच. हमीवर भिस्त ठेवू नका. स्टुडिओ शोरील, म्हणजे स्वतः केलेल्या कामाचा छोटा व्हिडिओ, पाहतात.

ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर कमाई केली तरी. सुरुवातीला ८ जीबी रॅमचा घरचा कॉम्प्युटर आणि पाचशेचा चाकवाला माउस पुरे. भांडी बाजारातला एखादा तांब्या समोर ठेवून तिला करू द्या: अर्धी बाह्यरेषा काढून ब्लेंडरमधल्या स्क्रू मॉडिफायर या साधनाने गोल फिरवायची, सॉलिडिफाय या दुसऱ्या साधनाने जाडी द्यायची. बेव्हल (कडेची गोलाई) एकीकडे जाड, एकीकडे बारीक आला तर स्केल अप्लाय करायचं, म्हणजे बदललेलं माप पक्कं करायचं, राहिलंय: ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल-ए. पृष्ठभागावर विचित्र काळे डाग पडले तर बहुधा नॉर्मल (पृष्ठभागाची बाहेरची बाजू दाखवणाऱ्या दिशा) उलटलेत: एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन. मग दहा सेकंदांचं अ‍ॅनिमेशन. सेकंदाला २४ म्हणजे २४० फ्रेम. एकीच्या रेंडरला, म्हणजे कॉम्प्युटरने पक्कं चित्र बनवायला, दोन मिनिटं धरली तर आठ तास. रेंडर पीएनजी फ्रेममध्येच, म्हणजे सुट्या चित्रांच्या फाइलींतच, करावं. थेट व्हिडिओ केला आणि मध्येच वीज गेली तर सगळी रात्र वाया.

सहा महिन्यांत असे तीन तुकडे पुरे झाले, तर वाचलेल्या हप्त्यात सरेंडरच्या रकमेतली भर घालून ७०-८० हजारांचा डेस्कटॉप घ्या; ग्राफिक्स कार्ड ८ जीबीचं हवं. पातळ लॅपटॉप नको, लांबलचक रेंडरला तो तापून मंदावतो. क्लासचं तेव्हा बघू, तेही गेल्या वर्षीच्या मुलांची शोरील पाहूनच.